देवापुढे आपली इच्छा तपासायची कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही पुण्यात एका शाळेत शिकवता, वय ३२, घरी लग्नाचं बोलणं चाललंय. दोन वर्षांपासून मनात आहे की नोकरी सोडावी, सेमिनरीत (ख्रिस्ती सेवकांना शिकवणाऱ्या विद्यालयात) शिकावं आणि पूर्णवेळ सेवाकार्यात जावं. रविवारी उपासनेत, विशेषतः गाण्याच्या वेळी, ही इच्छा उचंबळून येते. सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये मात्र तिचा पत्ता नसतो. 'ही देवाची हाक आहे, की मला शाळेचा कंटाळा आलाय, की मंडळीत (चर्चमध्ये) माझं नाव व्हावं असं मला वाटतंय?' हा पहिला प्रश्न. त्याच्याखाली दुसरा आहे: 'हृदय कपटी आहे असं यिर्मया म्हणतो. मग माझ्याच इच्छा मीच तपासून काय उपयोग? त्या बाजूला ठेवून फक्त देवाची इच्छा विचारू नये का?' आणि शेवटी एका ओळीत, जवळजवळ जाता जाता: 'आईला सांगू का?'

माझ्याविषयी एवढंच, की मी अहमदनगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो आणि लोकांना प्रार्थनेत सोबत करण्याचं काम जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांकडून शिकलो. त्यामुळे पुढे दोन्हीकडचं येईल. कॅथलिक संतांची नावं पाहून दचकू नका.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याला हात घालता येत नाही.

यिर्मयाचं ते वचन (१७:९) आपल्याकडे अर्धंच पाठ असतं. हृदय सगळ्यांत कपटी, त्याचा ठाव कोणाला लागेल, असं विचारून संदेष्टा थांबत नाही. लगेच पुढच्या ओळीत परमेश्वर म्हणतो की मी हृदय चाळून पाहतो, अंतर्याम पारखतो. म्हणजे 'कोणाला' या प्रश्नाचं उत्तर तिथेच दिलेलं आहे. हृदयाकडे बघूच नका असं त्या वचनात कुठे नाही. एकट्याने बघू नका, एवढं मात्र त्यातून निघतं. १३९व्या स्तोत्राच्या शेवटी तर भक्त स्वतःच ही पारख मागून घेतो. आणि पारख मागायची तर वस्तू पुढे ठेवावी लागते, ओच्यात लपवून चालत नाही.

'माझी इच्छा बाजूला ठेवते आणि फक्त देवाची विचारते' हे ऐकायला फार भक्तिमान वाटतं. पण बाजूला ठेवलेली इच्छा कुठे जात नाही. ती काही दिवसांनी 'प्रभूने मला सांगितलं' असं म्हणत परत येते, आणि मग तिला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही. मंडळ्यांमधली किती भांडणं अशा दोन 'प्रभूने सांगितलं' यांच्यातली असतात, ते तुम्हीही पाहिलं असेल.

आता शुभवर्तमानात बघा. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? आधी जब्दीच्या मुलांना, मग यरीहोच्या रस्त्यावर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला. जब्दीची मुलं मागतात उजवीकडची आणि डावीकडची जागा. मागणी लाजिरवाणी आहे, पण येशू त्यांना ती मागितल्याबद्दल झिडकारत नाही. तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही, एवढं म्हणतो आणि प्याल्याची, म्हणजे पुढे सोसाव्या लागणाऱ्या दुःखाची, गोष्ट काढतो. बाकीचे दहा शिष्य मात्र चिडतात. का चिडतात? त्यांनाही त्याच जागा हव्या होत्या. फक्त बोलले नव्हते. मला नेहमी वाटतं, त्या दोघांचं काम दहांपेक्षा सोपं झालं. त्यांची इच्छा उघड्यावर आली आणि प्रभूला ती वळवता आली. दहांची पोटात राहिली, आणि लूक सांगतो की शेवटच्या भोजनाच्या वेळीही मोठा कोण हा वाद चालूच होता.

बार्तीमय दृष्टी मागतो. एवढं उघड दिसणारं दुखणं असूनही येशू त्याला विचारतोच. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसालाही, तुला बरं व्हायचंय का, असं विचारतो (योहान ५). तो माणूस 'हो' म्हणत नाही. मला तळ्यात सोडायला कोणी नाही, दुसराच आधी उतरतो, हे गाऱ्हाणं सांगतो. ३८ वर्षांत इच्छेची जागा गाऱ्हाण्याने घेतली होती. शाळेविषयी तुम्ही जे चार परिच्छेद लिहिलेत (मुख्याध्यापक, पेपर तपासणी, पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप) ते वाचताना मला हा माणूस आठवला. रागावू नका. गाऱ्हाणी खरीच असतील. पण त्या सगळ्यात तुम्हाला काय हवंय हे एका वाक्यातही नव्हतं. काय नको ते भरपूर होतं.

अटकेच्या आधी येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचा क्रमही लक्षात घ्या. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको' हे दुसरं वाक्य आहे. पहिलं आहे: हा प्याला माझ्यापासून दूर कर. आपण पहिलं गाळून थेट दुसऱ्यावर जातो आणि त्याला समर्पण म्हणतो. ज्याने काही मागितलंच नाही तो सोडणार काय?

इथे एक आडवळण घेतो. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत, सप्टेंबरात, रस्त्यावर मेणाच्या वस्तू विकायला असतात: मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ. ज्याला जे हवं ते घेऊन लोक वर जातात, त्यात सगळ्या धर्मांचे असतात. आमच्याकडची मंडळी या प्रकाराकडे जरा नाक मुरडूनच बघतात, आणि त्यामागचा धर्मशास्त्रीय मुद्दा मला मान्य आहे. पण मेणाचं घर हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपण काय मागायला आलोय ते पक्कं ठाऊक असतं. प्रार्थनेत सुंदर भाषा वापरणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना ते ठाऊक असतंच असं नाही.

तर पहिलं काम: वही घ्या आणि 'मला हवंय' ने संपणारी वाक्यं लिहा. चांगली-वाईट निवड करू नका. सेमिनरी लिहा, लग्न लिहा, पगार लिहा, मंडळीत अमक्या ताईंना मिळतो तसा मान लिहा. कोणाला दाखवायची नाही. मग एकेक वाक्य घेऊन प्रभूला, अगदी आवाजात, सांगा. काही वाक्यं बोलताना जीभ अडखळते. त्या वाक्यांपाशी थांबा.

वही कोरीच राहते असं म्हणणारे बरेच भेटतात, विशेषतः बायका. लहानपणापासून 'तुला काय हवं' हे कोणी विचारलेलंच नसतं. भाऊ, नवरा, मुलं यांना काय हवं ते मात्र तोंडपाठ. त्यांना मी हेव्यापासून सुरुवात करायला सांगतो. गेल्या महिन्यात कोणाचा हेवा वाटला? नेमक्या कशाचा? हेवा हे पाप आहे हे मान्यच, पण तो खबऱ्या म्हणून अतिशय प्रामाणिक असतो. याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय हेच सांगतो: तुमच्यात भांडणं कुठून येतात? इच्छांमधून. आणि लगेच: तुम्हाला मिळत नाही कारण तुम्ही मागत नाही, मागता तेव्हा वाईट हेतूने मागता. दोन्ही दोष तो एकाच दमात सांगतो. दुसऱ्याच्या भीतीने आपण पहिला करत बसतो.

दुसरं काम अधिक चिवट आहे. प्रत्येक इच्छेला विचारायचं: ही पूर्ण झाली तर मला काय मिळेल? उत्तर आलं की त्यालाही तेच विचारायचं.

एका गृहस्थांचं उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना मंडळीच्या पंच कमिटीत खजिनदार व्हायचं होतं आणि 'सेवा करायची' असं ते म्हणत. झाल्यावर काय मिळेल? हिशोब नीट होतील. ते झाल्यावर? लोक मला विचारतील. कोण लोक? इथे ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, थोरला भाऊ. भावाने वीस वर्षं मंडळीचा कारभार पाहिला आणि एकदाही यांचं मत विचारलं नाही. म्हणजे खजिनदारकीच्या तळाशी भाऊ होता. पुढे काय झालं ते इतकं साजरं नाही: ते निवडणुकीला उभे राहिलेच, निवडूनही आले, आणि भावाकडेही जाऊ लागले. भाऊ अजून फारसा बोलत नाही. पण कमिटीतल्या प्रत्येक मतभेदात ते पूर्वीसारखे पेटत नाहीत, कारण कशासाठी पेटतोय हे त्यांना कळतं.

हे खणणं कुठे थांबवायचं? माझा अनुभव असा, की पुढचं उत्तर नव्या वस्तूचं येण्याऐवजी एखाद्या व्यक्तीचं किंवा थेट देवाचं येऊ लागलं की आपण बऱ्यापैकी खाली पोचलेलो असतो. आरंभीच्या चर्चमधल्या संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात म्हटलं की देवाने आपल्याला स्वतःसाठी घडवलं, म्हणून त्याच्यात विसावेपर्यंत आपलं हृदय अस्वस्थ राहतं. हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावतात. त्याच पुस्तकाच्या आठव्या भागातलं दुसरं कोणी लावत नाही: तरुणपणी तो प्रार्थना करी की मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. आणि कारणही देतो: देव लगेच ऐकेल अशी भीती वाटत होती. तुमच्या प्रार्थनेत अशी एखादी भीती आहे का ते बघा. सेमिनरीची मागणी करताना 'हो' येईल याची जास्त भीती वाटते की 'नाही' येईल याची?

आता रविवार-सोमवारच्या कोड्याकडे येतो. इथे जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्याइतका उपयोगी माणूस मला दुसरा माहीत नाही.

१५२१च्या मे महिन्यात स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. वय साधारण तीस, दरबारी शिपाईगडी, कपड्यालत्त्याचा शौकीन. हाड वेडंवाकडं जुळलं आणि गुडघ्याखाली टेंगूळ राहिलं. घट्ट बूट घालता येणार नाहीत म्हणून त्याने ते हाड पुन्हा कापून घेतलं, भूल नसलेल्या काळात. इच्छा किती जोरकस असू शकते याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. आणि ती खोल होती असं कोणी म्हणणार नाही. मग लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडून त्याने वाचायला शौर्यकथा मागितल्या. त्या नव्हत्या, ख्रिस्ताचं एक चरित्र आणि संतांच्या कथा मिळाल्या. वाचून कंटाळला की तो दिवास्वप्नं बघे. एका उच्चकुलीन स्त्रीसाठी काय काय पराक्रम करीन याचं स्वप्न तीन-चार तास चाले. मधूनच दुसरं: संत फ्रान्सिसने केलं, संत डॉमिनिकने केलं, ते मी केलं तर? दोन्ही स्वप्नं चालू असताना सारखीच गोड लागत. फरक नंतर पडे. पहिलं संपलं की मन कोरडं, असमाधानी. दुसरं संपल्यावरही आनंद टिकून राही. हा फरक लक्षात यायला त्याला बरेच दिवस लागले, आणि पुढे मान्रेसात त्याने जी 'आध्यात्मिक साधना' लिहायला घेतली (पोपची मान्यता १५४८ची) तिचं बी इथलं आहे.

म्हणून मी लोकांना इच्छेचा जोर मोजू देत नाही. गाणं चालू असताना डोळे भरून येणं हे त्या वेळेचं आहे. त्यात गिटारचाही वाटा असतो. विचारायचं ते रविवारी रात्री आणि सोमवारी. सेमिनरीचा विचार मनातून गेल्यावर मागे काय राहतं? शाळेतल्या मुलांविषयी माया वाढलेली असते की ती आणखी नकोशी झालेली असतात? आईशी बोलताना सूर मऊ असतो की तुम्ही मनातून तिच्यापेक्षा दोन पायऱ्या वर चढलेल्या असता? देवाकडून आलेली ओढ माणसाला साधारणपणे विश्वासात, आशेत, प्रीतीत वाढवते, आणि ती वाढ जिथे आहोत तिथेच दिसू लागते. सेमिनरीत गेल्यावर प्रेम सुरू होईल असा तिचा करार नसतो. उलट, ती इच्छा सोमवारी दिसेनाशी होते एवढ्यावरून ती खोटी असंही ठरत नाही. कोरडे दिवस सगळ्यांना येतात. इग्नेशियसचा त्यावर एक ठाम नियम आहे: मन अंधारलेलं, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. त्याला मी माझं जोडतो, आणि तेही त्याच्याच लिखाणात सापडेल: उचंबळून आलेलं असताना नवस बोलायचा नाही, शब्द द्यायचा नाही, राजीनामा तर मुळीच नाही.

तुमच्या बाबतीत अवघड हे आहे की इच्छा चांगल्या गोष्टीची आहे. दारू सोडावी की नाही हे कोणी मला विचारत नाही. सैतान तेजस्वी दूताचं सोंग घेतो असं पौल करिंथकरांना लिहितो. प्रामाणिक ख्रिस्ती माणसाला चकवायचं तर चांगल्याच वस्तूने चकवावं लागतं. तेव्हा विचाराचा सुरुवातीपासून शेवटापर्यंत माग काढायचा. तुमच्या मनात सेमिनरी सुरू होते तेव्हा चित्र कशाचं असतं? वस्तीतल्या बायकांबरोबर बसून वचन वाचण्याचं, की व्यासपीठाचं? मध्ये कुठे वळतं? शेवटी कुठे पोचतं? दोन वर्षांपूर्वीचं चित्र आणि आजचं चित्र एकच आहे का? चित्र दर वेळी मंडळीतल्या त्या एका ताईंच्या चेहऱ्यावर संपत असेल, तर शेवट कुजका आहे. तेवढ्याने सुरुवातही कुजकी होती असं नाही. एकाच ओढीत दोन धागे असतात, आणि बहुतेकांच्या असतातच. शंभर टक्के शुद्ध हेतू सापडेपर्यंत थांबाल तर काहीच करणार नाही. तोही एक चकवाच.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे मला फार मोलाचं वाटतं. लहानपणापासून तीर्थयात्रा, पायपीट, दुष्काळात आई-वडील गेलेले, सत्याचा शोध असा की बंगाल, इंग्लंड, अमेरिका पालथी घातली. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. परतल्यावर विधवांसाठी शारदा सदन. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की आणखी काय शोधायचं राहिलं? पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. त्या वेळी त्या नावाजलेल्या होत्या, विरोधकांची नजर त्यांच्यावर होती, आणि धर्मांतर करून चूक केली असं म्हणायला पुण्यात माणसं टपलेलीच होती. अशा वेळी हे स्वतःशी कबूल करायला काय लागत असेल! आणि कबुलीनंतर त्यांनी सदन बंद केलं नाही. काम तेच राहिलं, त्याच्या मुळाशी असलेली तहान त्यांनी वेगळी ओळखली. सेवा करण्याची इच्छा आणि ज्याची सेवा करायची त्याची इच्छा या दोन निराळ्या असू शकतात. तुमच्या वहीत दुसरी आहे का?

लक्ष्मीबाई टिळकांचं जरा निराळं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं सांभाळूनच. जात देवाने केली की माणसाने, हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवलं, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९००मध्ये. नवरा किती उत्कट होता हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याची उत्कटता त्यांना उसनी घेता आली नाही, आणि त्यांनी घेतल्याचं नाटकही केलं नाही. हे मी अशासाठी सांगतो, की तुम्ही लिहिलंय, 'आमच्या पाळकांची फार इच्छा आहे मी जावं.' पाळकांची इच्छा ही पाळकांची इच्छा आहे. तिचा आदर करा आणि तुमच्या वहीत ती लिहू नका.

ओढीत अडकलो आहोत की मोकळे आहोत हे कळायला इग्नेशियसने एक कल्पित प्रसंग दिला आहे. तीन प्रकारच्या माणसांना प्रत्येकी दहा हजार सोन्याची नाणी मिळाली आहेत, केवळ देवाच्या प्रीतीसाठी मिळवलेली नव्हेत, आणि मनात बोच आहे. पहिल्या प्रकारचा माणूस म्हणतो, आसक्ती सुटायला हवी, आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला आसक्ती सुटायला हवी, पण नाणी हातात राहून. म्हणजे देवानेच त्याच्या इच्छेकडे चालत यावं. तिसरा म्हणतो, ठेवायचं की सोडायचं, यातलं मला काहीच आधी ठरवायचं नाही. देवाच्या सेवेला जे बरं ते. आपल्यापैकी बहुतेक भक्तिमान लोक दुसऱ्या प्रकारचे असतात. 'प्रभू, तुझी इच्छा दाखव, पण सेमिनरीच दाखव.' किंवा तुमच्या आईच्या तोंडी: 'प्रभू, तुझी इच्छा, पण येत्या मे महिन्यात.'

त्याखाली एक टीप आहे, ती अंगावर येते. एखाद्या गोष्टीकडे आपण फार झुकलोय असं जाणवलं तर मन मानत नसलं तरी नेमकं उलटं मागावं. तुमच्यासाठी ते असं: काही दिवस प्रार्थनेत मागा की प्रभू, तुझ्या नावाला हे मानवणारं असेल तर मला याच शाळेत, याच स्टाफरूममध्ये, निवृत्त होईपर्यंत ठेव. मनापासून निघणार नाही. तरी मागा आणि आत काय उसळतं ते लिहून ठेवा. त्या उसळण्यातून जेवढं कळेल तेवढं दहा पुस्तकांतून कळणार नाही.

रोजचा नियम फार मोठा नको. रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं. आधी दिवसाबद्दल उपकारस्तुती, आणि ती नेमकी: 'सर्व आशीर्वादांबद्दल' असं नको, आठवी-ब मधल्या त्या मुलीने आपणहून फळा पुसला त्याबद्दल. मग दिवस पुन्हा डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा: कुठे मन देवाकडे, माणसांकडे खुलं झालं, कुठे आखडलं. दोन ओळी लिहायच्या, अर्थ लावायचा नाही. चुकलं तिथे क्षमा, उद्यासाठी मागणं, झोप. दीड-दोन महिन्यांनी पानं सलग वाचा. आपण रोज काय विचार करतो याविषयी आपला जो समज असतो तो बहुधा इथे मोडतो. मुलांबरोबरचा वेळ हीच तुमची सगळ्यात जिवंत वेळ निघाली, तर तुमच्या ओढीचा अर्थ निराळा लागेल. शाळा सुटल्यावर एखाद्या सहकारी बाईंचं दुःख ऐकत बसलात तेव्हा जीव लागला असं दहादा लिहिलेलं सापडलं, तर आणखी निराळा.

सोबत कोणीतरी हवं. नातेवाईक नको, जिवलग मैत्रीण नको, आणि तुमच्या निर्णयात ज्याचा फायदा-तोटा आहे असं कोणीही नको. एखादी अनुभवी सिस्टर, दुसऱ्या मंडळीतले निवृत्त पाळक, रिट्रीट हाऊसमधले मार्गदर्शक. सल्ले देणारा माणूस मिळाला तर बदलून घ्या, ऐकणारा हवा.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच गोडी नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर त्याला आध्यात्मिक कोरडेपणा समजून प्रार्थना वाढवत बसू नका. डॉक्टरकडे जा. मन आजारी असताना इच्छा तपासायला बसणं म्हणजे तापात वजनकाट्यावर उभं राहण्यासारखं आहे.

निर्णयाची वेळ येईल तेव्हा आणखी तीन कसोट्या आहेत. ओळखीची नसलेली एक बाई हाच प्रश्न घेऊन आली तर तिला काय सांगाल? मरणाच्या दारात मागे वळून बघताना काय केलेलं असावं असं वाटेल? प्रभूच्या न्यायासनापुढे? पण त्याआधी लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा माणूस आठवा, जो बसून खर्चाचा हिशोब करतो. तुमच्या नावावर कर्ज आहे का, आईचं औषधपाणी कोण बघणार, सेमिनरीनंतर नेमकं कोणतं काम आणि ते कोण देणार? हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. शिवाय नोकरी न सोडता करून बघता येईल असं पुष्कळ आहे: शनिवारी वस्तीत जा, सुट्टीत एखादा अभ्यासक्रम करा, ज्या बायका पंधरा-वीस वर्षं या कामात आहेत त्यांच्याबरोबर आठवडाभर राहा आणि त्यांना त्यांच्या सोमवारांविषयी विचारा.

आणि सगळं नीट तपासून, इच्छा खरी आहे, खोल आहे, देवाला आवडणारी आहे असं ठरलं, तरी ती पूर्ण होईलच असं नाही. दावीदाला मंदिर बांधायचं होतं. त्याने नाथानाला सांगितलं, नाथान म्हणाला, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री नाथानाला कळलं की नाही. संदेष्ट्यालासुद्धा घाईने दिलेला शब्द सकाळी मागे घ्यावा लागला, हे तुमच्या पाळकांना जरूर सांगा. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १ राजे ८ मधलं शलमोनाचं वाक्य. मंदिराच्या समर्पणाच्या वेळी तो सांगतो की परमेश्वर माझ्या बापाला म्हणाला: माझ्या नावासाठी मंदिर बांधावं असं तुझ्या मनात होतं, हे तू चांगलं केलंस, तरी ते तू बांधणार नाहीस. दावीदाने मग काय केलं ते इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात आहे: दगड, लोखंड, पितळ, गंधसरू जमवून ठेवले, दुसऱ्याने बांधायच्या मंदिरासाठी.

हन्नाचंही वाचा, १ शमुवेल १. सवतीच्या टोमण्यांनी पोळलेली बाई शिलोला इतक्या कळकळीने मुलगा मागते की एली याजकाला ती प्यालेली वाटते. प्रार्थना करून उठली तेव्हा तिने जेवण केलं आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. मूल अजून पोटातही नव्हतं.

राहता राहिला आईचा प्रश्न. सांगा. निर्णय सांगू नका, कारण तो अजून झालेला नाही, आणि 'प्रभूने मला बोलावलंय' असंही म्हणू नका, कारण त्यावर तिला काही बोलताच येणार नाही. 'आई, दोन वर्षं माझ्या मनात असं असं आहे, आणि त्यात कंटाळा किती, खरं किती, ते मला अजून कळत नाही,' एवढं सांगा. मग तिला विचारा की तुमचं लग्न झालं म्हणजे तिला काय मिळेल. ती आधी 'मला काय मिळायचंय?' म्हणेल. थांबा, उठू नका. तिलाही हे फार कोणी विचारलेलं नसेल.